आर्किमिडीजची खुणेची पट्टी

कोणताही कोन दुभागावयास पट्टी आणि कंपास पुरे होतात, हे शाळेत भूमिती शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. शिरोबिंदूवर कंपासाचे टोक टेकवून एक कंस मारायचा, तो दोन्ही भुजांना जेथे छेदेल तेथून आणखी दोन कंस मारायचे, आणि ते जेथे मिळतील तेथून शिरोबिंदूपर्यंत रेषा ओढायची, काम झाले. मग वर्गातला एखादा चौकस मुलगा हमखास विचारतो, की दोन भाग इतके सोपे, तर तीन का नकोत? काटकोनाचे तीन भाग होतातही. पण साठ अंशांच्या कोनाचे तीन भाग करा म्हटले, की पट्टी-कंपास घेऊन बसलेला मनुष्य दिवेलागणीपर्यंत तसाच बसून राहतो. कोनमापक लावून वीस अंशांवर खूण करता येईल, त्रिकोणमितीची कोष्टके उघडून बाजूंची लांबीही काढता येईल. पण तसे केल्याने कोन तिभागला असे होत नाही. दुसऱ्या कोणी मोजून ठेवलेले आपण उसने घेतले, इतकेच.

हा प्रश्न प्राचीन ग्रीकांना पडला होता आणि त्याने त्यांची पाठ शेकडो वर्षे सोडली नाही. त्याचे एक अत्यंत देखणे उत्तर ज्याच्या नावावर चालत आले आहे, तो पुरुष मात्र लोकांना माहीत आहे तो न्हाणीघरातून उघडाच रस्त्यावर धावला म्हणून. त्या आर्किमिडीजचे चरित्र, त्या धावण्यापलीकडचे, येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

इटलीच्या पायथ्याशी सिसिली नावाचे बेट आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रीक वसाहतवाल्यांनी वसवलेले सिराक्यूज हे शहर. मूळ भूमी सोडून आलेली, पण भाषा, देव आणि विद्या जपून राहिलेली ही माणसे होती; कित्येक पिढ्यांनंतरही आर्किमिडीजने आपले ग्रंथ लिहिले ते तेथल्या घरगुती डोरिक बोलीच्या वळणाने. त्याचा जन्म इ. स. पूर्व २८७ च्या सुमाराचा मानतात. वडिलांचे नाव फिडिअस, आणि ते ज्योतिषी होते. ज्योतिषी म्हणजे पत्रिका पाहणारे नव्हेत. सूर्य-चंद्राच्या आकारांचे गुणोत्तर मोजू पाहणारे. मुलाने आपल्या एका ग्रंथात वडिलांच्या मोजणीचा जाता जाता उल्लेख केला, त्यावरूनच आज त्यांचे नाव उरले आहे.

तरुणपणी आर्किमिडीज इजिप्तमधील अलेक्झांड्रियास राहून आला असावा. ते त्या काळचे विद्येचे माहेरघर. तेथला कोनॉन हा ज्योतिर्विद त्याचा जिवाभावाचा मित्र, आणि ग्रंथपाल एराटोस्थेनिस हा पत्रव्यवहारातला सोबती. परंतु तो तेथे रमला नाही. सिराक्यूजला परत आला आणि आयुष्यभर तेथेच राहिला. गादीवर राजा हायरो होता. हा राजा शहाणा. रोम आणि कार्थेज या दोन बलाढ्य सत्तांच्या कैचीत सापडलेले आपले छोटेसे राज्य त्याने इ. स. पूर्व २६३ मध्ये रोमशी तह करून वाचवले आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे सुखाने चालवले. आर्किमिडीजला प्लुटार्क हा चरित्रकार राजाचा आप्त म्हणतो. आप्त असो वा नसो, राजाचा त्याच्यावर लोभ होता. लहान राज्यातला समंजस राजा आणि त्याच्या पदरचा गुणी माणूस हे नाते आपल्याकडच्या जुन्या घराण्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मुकुटाची गोष्ट याच नात्यातली. सोनाराने सोन्यात चांदी मिसळली की काय, हे मुकुट न मोडता सांगावे, अशी राजाची आज्ञा झाली. आणि स्नानास उतरताना पाणी सांडलेले पाहून आर्किमिडीजला युक्ती सुचली. ही कथा व्हिट्रुव्हियस या रोमन शिल्पज्ञाने लिहिली ती दोनशे वर्षांनंतर. ती खरी असो की रचलेली, तरंगणाऱ्या पदार्थांवरचा त्याचा ग्रंथ मात्र खरा आहे, आणि त्यात पाण्याचा जो नियम सिद्ध केला आहे तो आजही जहाज बांधणाऱ्यास लागतो.

आता कोनाकडे वळू. आर्किमिडीजच्या काळी त्रिकोणमिती जन्मास यावयाची होती. जीवांची कोष्टके करणारा हिपार्कस त्याच्यानंतरच्या शतकातला. आणि अर्धजीवेची, म्हणजे ज्येची, कोष्टके आपल्याकडे आर्यभटाच्या ग्रंथात इ. स. ४९९ च्या सुमारास दिसतात. तेव्हा कोनासंबंधी जे काही करावयाचे ते रेषा, वर्तुळे आणि समद्विभुज त्रिकोण यांच्याच जोरावर. आर्किमिडीजची युक्ती वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहावी, म्हणजे तिची गोडी कळेल.

एक वर्तुळ काढा; त्याचे केंद्र म. वर्तुळावर अ आणि ब हे दोन बिंदू असे घ्या, की अमब हा आपला तिभागायचा लघुकोन होईल. आता बम ही रेषा मच्या पलीकडे वर्तुळाबाहेर लांबवर वाढवा. नंतर कागदाची एक सरळ पट्टी घ्या आणि तिच्या कडेवर दोन खुणा करा. त्या दोहोंतले अंतर वर्तुळाच्या त्रिज्येएवढे. ही पट्टी कागदावर अशी ठेवा, की तिची कड अ बिंदूतून जाईल, बाहेरची खूण त्या वाढवलेल्या रेषेवर राहील आणि आतली खूण वर्तुळावर येईल. पहिल्यांदा ती येणार नाही. पट्टी अवरून सरकवीत, किंचित फिरवीत राहा. एका जागी दोन्ही खुणा बरोबर बसतील. तंबोऱ्याची तार खुंटीने स्वराजवळ आणल्यावर उरलेले बारीक काम मणी सरकवून करतात. किती सरकवायचा हे आधी सांगता येत नाही, पण स्वर मिळाला की मिळाला हे कळते. हे तसेच आहे. वर्तुळावरच्या खुणेला क आणि रेषेवरच्या खुणेला ड म्हणा. ड जवळ जो कोन झाला, तो मूळ कोनाचा नेमका तिसरा हिस्सा.

का, ते पाहणे अवघड नाही. डक हे अंतर त्रिज्येएवढे आपणच ठेवले आहे, आणि कम ही तर त्रिज्याच. म्हणून डकम हा त्रिकोण समद्विभुज, आणि त्याचे ड व म येथील कोन सारखे. या कोनाला एक हिस्सा म्हणू. त्याच त्रिकोणाचा क येथील बाह्यकोन दूरच्या दोन कोनांच्या बेरजेएवढा, म्हणजे दोन हिस्से. आता कम आणि अम या दोन्ही त्रिज्या. म्हणून कमअ हा त्रिकोणही समद्विभुज, आणि क येथे दोन हिस्से तर अ येथेही दोन. शेवटी डमअ हा मोठा त्रिकोण घ्या. त्याचा म येथील बाह्यकोन म्हणजे आपला मूळचा अमब. तो ड आणि अ येथील कोनांच्या बेरजेएवढा: एक हिस्सा अधिक दोन हिस्से, एकूण तीन. झाली सिद्धता. सातवी-आठवीच्या मुलास येते त्याहून अधिक काहीच यात वापरलेले नाही. बाह्यकोनाचा एक नियम आणि दोन समद्विभुज त्रिकोण.

ज्या छोट्या ग्रंथात हे प्रमेय आहे तो मूळ ग्रीकमध्ये उरला नाही. नवव्या शतकात थाबित इब्न कुर्रा या विद्वानाने केलेल्या अरबी भाषांतरातून तो युरोपास परत मिळाला, आणि आज आहे त्या रूपात तो सगळाच आर्किमिडीजच्या हातचा नाही, कारण त्यात त्याचे नाव परक्यासारखे घेतलेले आहे. पण हे आठवे प्रमेय त्याचेच, असे जाणकार मानत आले आहेत, कारण सरकत्या पट्टीची ही रीत त्याच्या सर्पिलावरच्या ग्रंथातही आढळते. त्या ग्रंथातले सर्पिल म्हणजे दुसरी एक किमया. एक रेषा एका टोकाभोवती समान गतीने फिरत आहे, आणि तिच्यावरून एक बिंदू समान गतीने बाहेर चालला आहे. त्याच्या वाटेने जे वळण उमटते ते सर्पिल. यात कोन जितका वाढेल तितकेच अंतर वाढते. म्हणून कोनाचे तीन भाग हवे असतील तर अंतराचे तीन भाग करावे, आणि रेषेचे तीन भाग तर कोणीही करतो.

येथे कोणी म्हणेल, की एवढे सोपे उत्तर असताना हा प्रश्न सुटला नाही असे का म्हणतात? तर खोच नियमात आहे. ग्रीक भूमितीत पट्टीवर खूण करण्यास मनाई होती. पट्टी फक्त दोन बिंदू जोडण्यापुरती, कंपास फक्त वर्तुळापुरता. सरकवून जुळवणे हे त्या नियमाबाहेरचे. नियम पाळून हे साधते काय, या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते आर्किमिडीजनंतर दोन हजारांवर वर्षांनी. १८३७ मध्ये पिएर वांझेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले, की पट्टी-कंपासाने कितीही खटपट केली तरी वर्गमुळांच्याच पायऱ्या चढता येतात. आणि कोनाचे तीन भाग करणे म्हणजे घन समीकरण सोडवणे. साठ अंशांच्या कोनाचे समीकरण वर्गमुळांनी सुटत नाही. म्हणून त्या दोन हत्यारांनी वीस अंशांचा कोन काढता येणार नाही. आज नाही, कधीच नाही. त्यानंतरही ही रीत सापडली असे मानणारे हौशी लोक देशोदेशी निघतच राहिले. त्यांच्या आकृत्या नीट तपासल्या तर कोठे तरी पट्टीवर नकळत खूण केलेली असते, किंवा उत्तर केसाएवढे चुकलेले असते.

आर्किमिडीजला असे लोक आपल्या काळातही माहीत होते. आपली प्रमेये तो सिद्धता न देता अलेक्झांड्रियाच्या मित्रांकडे पाठवी, त्यांना ती शोधण्याचा आनंद मिळावा म्हणून. तेथे काही मंडळी, हे सर्व आम्हांस आधीच ठाऊक होते, असे म्हणणारी असत. तेव्हा त्याने यादीत मुद्दाम दोन खोटी प्रमेये घुसडली. पुढे सर्पिलांच्या ग्रंथाच्या आरंभी त्याने ते उघड केले. जे अशक्य तेही आपण शोधले होते असे म्हणणाऱ्यांचे पितळ उघडे पाडणे हा हेतू. पण त्याच पत्रातला दुसरा सूर वेगळा आहे. कोनॉन तोवर वारला होता, आणि तो जगता तर या सर्वांत किती भर घालता, याचे दुःख तेथे लिहिलेले आहे. पुढचे ग्रंथ त्याने डोसिथिअस नावाच्या दुसऱ्या एका गृहस्थाकडे पाठवले; पण कोनॉनची जागा भरली असे ते वाचून वाटत नाही.

त्रिकोणमितीवाचून कोन हाताळण्याचे त्याचे आणखी दोन पराक्रम सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. पहिला वर्तुळाच्या परिघाचा. त्याने वर्तुळाच्या आत आणि बाहेर षट्कोन कल्पिले. मग बाजू दुप्पट करीत बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस आणि अखेर ९६ बाजूंपर्यंत गेला. दर वेळी एक कोन दुभागला जातो, आणि कोन दुभागणारी रेषा समोरची बाजू लगतच्या बाजूंच्या प्रमाणात तोडते, हा युक्लिडचा नियम तेवढा त्याने वापरला. तीस अंशांचा कोन चार वेळा अर्धा करताना वर्गमुळांची जी आकडेमोड करावी लागते ती दशांश चिन्हाच्या आणि शून्याच्या काळापूर्वीची आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. निष्कर्ष असा, की परीघ व्यासाच्या तीन पूर्णांक एक सप्तमांशाहून कमी आणि तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांशाहून अधिक. यातला वरचा आकडा म्हणजेच आपल्या शाळेतला २२/७. भास्कराचार्यांच्या लीलावतीतही व्यवहारापुरते माप म्हणून तो दिलेला आहे, आणि सूक्ष्म माप म्हणून ३९२७/१२५०. आर्किमिडीजची थोरवी आकड्यापेक्षा त्याच्या दोन कुंपणांत आहे. खरे उत्तर या दोहोंच्या मध्येच आहे, बाहेर नाही, हे त्याने सिद्ध केले.

दुसरा पराक्रम सूर्याचा. राजपुत्र गेलोनसाठी लिहिलेल्या एका पुस्तकात सगळे विश्व वाळूने भरले तर किती कण मावतील हे त्याने मोजून दाखवले आहे. त्यासाठी सूर्यबिंब डोळ्याशी केवढा कोन करते हे हवे होते. त्याने एक लांब पट्टी उगवतीच्या दिशेने आडवी बसवली आणि तिच्यावर एक छोटा गोल दांडा उभा केला. सूर्य क्षितिजावर असताना त्याच्याकडे पाहवते. तेवढ्या वेळात पट्टीच्या टोकाशी डोळा लावून तो दांडा पुढेमागे सरकवायचा. सूर्य दोन्ही बाजूंनी जेमतेम डोकावू लागला ती एक जागा. सूर्य पुरता झाकला गेला ती दुसरी. डोळा काही एका बिंदूतून पाहत नाही, बाहुलीला रुंदी असते, म्हणून तीही वेगळी मोजून त्याने हिशेबात धरली. उत्तर आले ते असे: सूर्याचा कोन काटकोनाच्या दोनशेव्या हिश्श्याहून मोठा आणि एकशे चौसष्टाव्या हिश्श्याहून लहान. आजच्या भाषेत २७ आणि सुमारे ३३ कला. खरा कोन सुमारे ३२ कलांचा आहे. येथेही पट्टी, येथेही सरकवणे, आणि येथेही दोन कुंपणे.

असा हा राजाश्रयातला निवांत काळ इ. स. पूर्व २१५ मध्ये संपला. हायरो नव्वदीच्या घरात वारला. गेलोन त्याच्या आधीच गेला होता. गादीवर आला तो पंधरा वर्षांचा नातू, हिरोनिमस. त्याने रोमची मैत्री सोडून कार्थेजशी संधान बांधले, आणि वर्षभरातच त्याचा खून झाला. शहरात दुफळी माजली, आणि रोमन सेनापती मार्सेलस आरमार घेऊन चालून आला. आर्किमिडीज तेव्हा सत्तरी ओलांडलेला. आयुष्यभर रेषा आणि गोल यांत रमलेल्या या वृद्धाने शहराच्या तटावर यंत्रे उभी केली. दूरच्या जहाजांवर मोठे धोंडे, जवळच्यांवर लहान. आणि तटावरून खाली येणारे लोखंडी पंजे जहाजाचे नाक धरून वर उचलीत आणि सोडून देत. रोमन शिपाई इतके धास्तावले, की तटावर एखादा दोर किंवा वासा दिसला तरी पळत सुटत, असे प्लुटार्क लिहितो. आरशांनी जहाजे जाळल्याची कथा मात्र जुन्या विश्वसनीय इतिहासकारांत नाही. ती मागाहून आली. सरळ हल्ल्याने शहर पडले नाही. मार्सेलसने वेढा घालून वाट पाहिली, आणि इ. स. पूर्व २१२ मध्ये, शहर देवीच्या उत्सवात असताना, दुर्लक्षित राहिलेल्या तटावरून रोमन आत शिरले.

आर्किमिडीजला जिवंत धरावे अशी मार्सेलसची इच्छा होती. एका शिपायाने त्याला मारले. तो आकृतीत गढलेला होता, असे सर्व कथाकार सांगतात. पुढचे बारकावे प्रत्येकाचे निराळे. मार्सेलसला वाईट वाटले, त्याने नातलगांचा सन्मान केला. आर्किमिडीजच्या इच्छेप्रमाणे त्याच्या थडग्यावर एक गोल आणि त्याला नेमका सामावणारा दंडगोल कोरण्यात आला. गोलाचे घनफळ त्या दंडगोलाच्या दोन तृतीयांश असते, आणि पृष्ठफळही दोन तृतीयांशच. हा आपला सर्वांत मोठा शोध असे तो मानत असे. ज्या यंत्रांनी रोमला दोन वर्षे थोपवले त्यांतले एकही त्याने थडग्यावर मागितले नाही.

सिराक्यूजची गादी गेली, राज्य रोमच्या सुभ्यात जमा झाले. इ. स. पूर्व ७५ मध्ये सिसेरो तेथे रोमचा अधिकारी म्हणून गेला, तेव्हा गावातले लोक असे काही थडगे नाहीच म्हणत होते. त्याला गोल-दंडगोलाची खूण ठाऊक होती. वेशीबाहेर काटेरी झुडपांतून डोकावणारा एक लहानसा खांब त्याने ओळखला आणि विळ्यांनी रान काढवून वाट करविली. मृत्यूला तेव्हा १३७ वर्षे झाली होती. आपल्या सर्वांत थोर पुरुषाची जागा त्या गावाला एका परक्याने, तेही जिंकणाऱ्यांच्या अधिकाऱ्याने, दाखवावी लागली. पुढे तो खांबही कोठे गेला कोणास ठाऊक नाही.

दरबार गेले की दरबारच्या गुणिजनांचे असेच होते. वाड्याच्या भिंती काही काळ उभ्या राहतात, पण त्यांत काय गायले गेले, काय शिकवले गेले, हे ज्याने गावाबाहेर पोहोचवले त्याचेच उरते. आर्किमिडीजचे जे उरले ते त्याने समुद्रापार मित्रांना धाडलेल्या पत्रांमुळे. एराटोस्थेनिसला लिहिलेले एक पत्र तर शेकडो वर्षे हरवलेलेच होते. दहाव्या शतकातली त्याची चर्मपत्रावरची प्रत तेराव्या शतकात कोणी खरवडली आणि तिच्यावर प्रार्थना लिहिल्या. १९०६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे हायबर्ग या डॅनिश पंडिताने त्या प्रार्थनांखालची पुसट अक्षरे वाचली. १९९८ मध्ये ती पोथी न्यूयॉर्कच्या लिलावात २० लाख डॉलरांना गेली आणि पुढे बाल्टिमोरच्या संग्रहालयात नव्या प्रकाशयंत्रांखाली अनेक वर्षे तपासली गेली. त्या पत्रात त्याने आपल्या शोधांचे घरगुती गुपित सांगितले आहे: आकृत्यांचे पातळ काप मनातल्या तराजूवर तोलून उत्तर आधी ताडायचे, आणि मग त्याची काटेकोर सिद्धता रचायची. ताडणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे, पण ताडल्यावाचून सिद्ध तरी काय करणार, असा त्याचा रोख आहे.

खुणेची पट्टी सरकवून जागा शोधणे हे ताडणेच. आणि दोन समद्विभुज त्रिकोण ही त्याची सिद्धता. ज्यांनी वरची आकृती अजून काढली नसेल त्यांनी घरातल्या मुलांना जवळ बसवून साठ अंशांच्या कोनाने आरंभ करावा. पट्टी नीट बसली तर कोनमापकावर वीस अंश दिसतील. मग कोनमापक बाजूला ठेवून, ते वीसच का, एवढे मुलांना विचारावे.